खिळ्यावरचा पट्टा

“हात बरा आहे हो तिचा, फक्त वर होत नाही.”

आई जाळीच्या दाराशी उभी राहून वरच्या मजल्यावरच्या देवधर काकूंना सांगत होती. मी मधल्या खोलीत पलंगावर बसले होते आणि उजवा हात ओढणीखाली मांडीवर ठेवला होता.  काकू म्हणाल्या, “अहो, हातानं वरच व्हायचं असतं. मग बरा कसा म्हणायचा?” आई हसली. अडचणीत आणणाऱ्या प्रत्येक प्रश्नावर ती असंच हसायची आणि शिट्टी झाली नसली तरी कुकर बघायला आत जायची. तशीच ती आत आली. जाता जाता तिनं माझ्या मांडीवरची ओढणी सारखी केली. हात आधीच पूर्ण झाकलेला होता.

दंडाचं हाड मोडलं होतं, एवढं सगळ्यांना समजत होतं. हाड मोडतं, प्लास्टर लागतं, हाड जुळतं. पण त्या हाडाला वळसा घालून एक नस खाली जाते आणि हाड मोडताना तीही दुखावली जाऊ शकते, हे लोकांना पटवून देणं कठीण होतं. कारण माझी मूठ वळत होती. मूठ वळणारा हात अधू कसा? पण मनगट उचलता येत नव्हतं. हात पुढे केला की पंजा दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा खाली लोंबायचा. बोटं वळायची, पण उघडायची नाहीत. अंगठ्याच्या मागच्या बाजूची चामडी कुणी दुसऱ्याची असावी अशी वाटायची. आईनं तिथे चिमटा काढून पाहिला होता. मी काहीच म्हणाले नाही तेव्हा तिनं आणखी जोरात काढला. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

पडले होते ती बाबांच्या स्कूटरवरून. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टॉवरच्या वळणावर यात्रेकरूंची बस अचानक थांबली, बाबांनी ब्रेक दाबला आणि मी उजव्या दंडावर रस्त्यावर. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. या गोष्टीबद्दल घरात कुणी एक शब्द बोललं नाही. आल्यागेल्याला आई “स्कूटर स्लिप झाली” असं सांगायची, जणू स्कूटर एकटीच चालली होती.

त्या सकाळी बाबा मला कामावरच सोडायला निघाले होते. फ्रीगंजमध्ये पोरवाल भैयांचं नवं डीटीपीचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि काचेची एक छोटी केबिन, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नसे. माणसांचं काय, हा प्रश्न नव्हता. इंग्रजी लग्नपत्रिका, बायोडेटा, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं मी टाइप करायची. मला बोलायची भीती वाटायची आणि तिथे कुणाशी बोलावं लागत नसे. बोटांनी बोललं की झालं. बावीस वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदाच वाटलं होतं की मी एखाद्या ठिकाणी योग्य आहे. अपघातानंतर पोरवाल भैया फळं घेऊन आले, बाहेरच्या खोलीत अवघडून बसले आणि म्हणाले, “बेटा, दशहरे तक कुर्सी तुम्हारी है. उसके बाद मैं भी मजबूर हूँ.” मी मान हलवली. दसऱ्याला पाच महिने होते. हात हा माझ्यासाठी तेव्हा हात नव्हताच, ती काचेमागची खुर्ची होती.

तीन आठवड्यांनी बाबा मला इंदूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हाड तपासलं, ते बरं जुळत होतं. नसेबद्दल म्हणाले की सध्या कापाकापी करायची नाही, वाट बघायची, बहुतेकांची आपोआप परत येते. मग मला आतल्या विभागात मॅथ्यू मॅडमकडे पाठवलं. बाही काढावी लागणार होती म्हणून बाबा बाहेरच्या बाकावर थांबले. मॅडम केरळच्या होत्या, हिंदी जेमतेम. मी इंग्रजी बोलते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या हाताला एक पट्टा बांधला. खाली पत्र्याची पट्टी, तिला आतून मऊ कातडं, वर दोन कातडी बंद. पट्टा बांधताच माझं मनगट उचललं गेलं. तीन आठवड्यांनी मी माझा पंजा समोरून पाहिला आणि मला रडू आलं.

मॅडमनी जे सांगितलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. नस मेलेली नाही, म्हणाल्या. ती वरून खाली रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढत येईल. ती मनगटापर्यंत पोचेतो तुझं काम एकच, तिच्यासाठी सांधे मोकळे ठेवायचे. ती आली आणि सांधे आखडलेले निघाले तर ती बिचारी कितीही धडपडली तरी हात उघडणार नाही. म्हणून पट्टा दिवसरात्र. झोपतानाही. फक्त हात धुवायला आणि व्यायामाला काढायचा, आणि व्यायाम दिवसातून चार वेळा, डाव्या हातानं उजवा उचलून. “कबूल?” असं त्यांनी विचारलं. मी शाळेत नन्सना म्हणायची तसं “यस, मॅडम” म्हणाले.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. अर्धा रस्ता गेल्यावर त्यांनी पट्ट्याला एक बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. “आतून चामडं आहे का गं?”

“हो.”

एवढंच.  पण मला सगळं समजलं होतं.

आमच्या घरात चामडं येत नसे. बाबा बँकेत नोकरीला होते, टाय लावून जात, मला त्यांनी कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं आणि पाहुणे आले की “शुभी, जरा इंग्लिशमध्ये सांग” असा त्यांचा आग्रह असे. पण त्यांचं सोवळं त्यांच्या वडिलांसारखंच कडक राहिलं. बाहेरच्या खोलीच्या दाराबाहेर, चपलांच्या मांडणीच्या वर एक खिळा होता. तो माझ्या शाळेच्या बेल्टसाठी ठोकलेला. मी रोज दुपारी दारातच बेल्ट काढून तिथे टांगायची. बाबांच्या घड्याळाचा पट्टा, त्यांचं पाकीट, सगळं तिथेच राहायचं. म्हणजे हा नियम माझ्यासाठी वेगळा नव्हता. बाबा अन्यायी नव्हते, हे मला इथे लिहावं लागतंय आणि ते लिहिताना बरं वाटत नाहीये. अन्यायी माणसावर रागावणं सोपं असतं.

आम्ही दाराशी पोचलो. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. बाबांनी घड्याळ काढून खिळ्यावर टांगलं आणि माझ्याकडे पाहिलं.  मग विचारलं, “हे सारखं घालायचं असतं का? काय म्हणाल्या त्या बाई?”

मला उत्तर माहीत होतं. घरात फक्त मलाच माहीत होतं. मी म्हणाले, “जमेल तेवढा वेळ घालायचा.”

बाबांचा चेहरा किती मोकळा झाला! मी डाव्या हातानं आणि दातांनी बंद सोडले आणि पट्टा खिळ्यावर टांगला.

आता मी साठीला आले आहे आणि लोक मला फटकळ म्हणतात. त्यांना त्या मुलीचं हे वाक्य ऐकवलं तर विश्वास बसणार नाही. मी स्वतःला कितीदा विचारलं आहे की का म्हणालीस? एक कारण असं की आमच्या घरात बाबांची अडचण होईल असं कुणी बोलतच नसे. ती सवय होती. दुसरं कारण मला तेव्हाच माहीत होतं, आणि ते अनुष्ठान होतं.

मी पडले त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांनी मनाशी बोलून ठेवलं होतं. श्रावण संपेपर्यंत रोज रुद्राभिषेक, सोमवारी अकरा आवर्तनं, दोन्ही वेळा आरती, कडक सोवळ्यात. शुभीचा हात उचलला जाऊ दे. दर सोमवारी ते पहाटे रामघाटावर जाऊन स्नान करत आणि तांब्याच्या कळशीतून क्षिप्रेचं पाणी आणत, त्याच स्कूटरवरून. मी मागे बसायची त्या जागी कळशी बांधलेली असायची. ब्रेकच्या त्या एका क्षणाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, पण रोज सकाळी दीड तास ते त्याच्याबद्दलच बोलत होते, फक्त संस्कृतमध्ये आणि दुसऱ्या कुणाशी. त्यांना मी काय सांगणार होते? की तुम्ही जे करताय त्यानंच हात बिघडतोय?

आमच्या घरात तीन खोल्या. मधल्या खोलीत देव, आणि देवांपासून चार हातांवर माझा पलंग. पलीकडे स्वयंपाकघर. म्हणजे बाबांनी पट्ट्यापुरती सूट दिली तरी तो चालेल अशी जागा उरली बाहेरची खोली, आणि तिथे येणारेजाणारे असायचे. कुणी आलं की आई म्हणायची, “आत जा गं, उगाच प्रश्न विचारतात लोक.” आत गेलं की पट्टा खिळ्यावर. सकाळी अभिषेकाला मी समोर हवी, कारण ज्याच्यासाठी करायचं तो समोर पाहिजे. पात्रातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहायचं, बाबांचा खणखणीत आवाज चालू असायचा, वरून काकूंच्या केबलवरच्या जाहिराती ऐकू यायच्या, आणि माझा पंजा मांडीवर आत वळून पडलेला असायचा. जेवताना आई वरणभात कालवून द्यायची. डाव्या हातानं चमचा धरायला बाबांनी परवानगी दिली होती. हे त्यांचं मोठं मन, असं आई म्हणायची. रात्री झोपतानाही पट्टा बाहेरच. सुरुवातीला मी दिवसाचे तास मोजायची. मग मोजणं सोडलं. व्यायामही सुटला, कारण डाव्या हातानं उजवा उचलताना आईला बघवायचं नाही.

आरतीचं मात्र सांगायला हवं. पहिल्या दिवशी बाबांनी तबक माझ्यापुढे धरलं, मी दोन्ही हात ज्योतीवर नेले आणि उजवा पंजा खाली घसरून बोटं थेट ज्योतीत गेली. बोटांच्या टोकांना सगळं जाणवत होतं. मी ओरडले नाही. बाबांनी तबक खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं माझ्या मनगटाखाली लावून पंजा वर उचलून धरला. त्या दिवसापासून रोज दोन्ही वेळा ते तसंच करत. पंजा वर, बोटं मोकळी, अगदी मॅडमनी बांधला होता तसा. दिवसातून दोनदा, अर्धं अर्धं मिनिट, माझे वडीलच माझा पट्टा असायचे. मला त्या अर्ध्या मिनिटाची ओढ लागली होती आणि त्या ओढीचा मला रागही यायचा.

देवधर काकू ग्वाल्हेरच्या. “मी साफ बोलते बाई,” असं म्हणत आणि खरोखर बोलत. एका रविवारी त्या वाटीभर पोहे घेऊन खाली आल्या, वर शेव, जिरावन मसाला, सगळं. दारात त्यांना खिळ्यावरचा पट्टा दिसला.

“हे काय, पोरीचा हात बाहेर टांगून ठेवलाय होय?”

“चामडं आहे ना त्यात, वहिनी,” बाबा पेपरमधून म्हणाले.

“मग? तुमच्या भजनाच्या मृदंगाला काय पुठ्ठा लावतात? मृगाजिनावर बसता ते काय झाडाला लागतं? देवाला ते सगळं चालतं आणि हिचा तेवढा पट्टा चालत नाही!”

“ते शास्त्रात सांगितलेलं आहे.”

“आणि डॉक्टरनं काय सांगितलंय?” काकू माझ्याकडे वळल्या. “तू बोल गं. इतकी इंग्लिश शिकलीस.”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. आई पोह्यांची वाटी हातात धरून उभी होती. दार उघडं होतं, मला फक्त त्यातून चालत जायचं होतं. मी म्हणाले, “जमेल तेवढं घालते ना मी, काकू.” काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की आजही एखाद्या भित्र्या मुलीकडे बघताना माझ्या चेहऱ्यावर तो भाव येतो आणि मला तो पुसावा लागतो.

आषाढ संपता संपता माझा हात लोंबायचा थांबला. आधी चालताना पंजा लुळा हलायचा. आता तो जिथे असेल तिथे राहू लागला, थोडा वाकलेला, पण स्थिर. हे सगळ्यांत आधी बाबांच्या लक्षात आलं. आरतीच्या वेळी त्यांनी बोटं लावली आणि त्यांना भार लागला नाही. “बघितलंस?” ते आईला म्हणाले. “आता पडत नाही. जोर येतोय त्यात.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या मनगटाखाली बोटं लावणं बंद केलं, गरज नाही म्हणून. मला माहीत होतं तो जोर नव्हता. उघड्यावर राहिलेल्या भाकरीला जोर येतो तसा तो आला होता.

श्रावणात पुन्हा इंदूरला गेलो. बाबा त्याच बाकावर बसले, मी आत. मॅथ्यू मॅडमनी कोपराजवळ बोटं लावून मला हात वाकवायला सांगितला आणि आनंदानं ओरडल्याच. कोपराखालचा एक स्नायू बारीकसा फडफडत होता. नस येत होती. मग त्यांनी माझं मनगट वर करायचा प्रयत्न केला. ते सरळ रेषेपर्यंतही येईना. अंगठा बाजूला घेऊन पाहिला, तोही येईना. त्यांनी माझा हात हळूच टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत, अगदी खालच्या आवाजात विचारलं, “तू तो घातलाच नाहीस ना?” मी हातावर ओढणी ओढली. “ती इतक्या लांबून चालत येतेय,” त्या म्हणाल्या, “आणि तू तिच्यासाठी दार लावून घेतलंस.”  शेवटी त्या म्हणाल्या की अजून काही हातात आहे, आजपासून एक तासही काढू नकोस, सगळं नाही पण थोडं परत मिळेल. बाहेर आल्यावर बाबा उठून उभे राहिले. “काय म्हणाल्या?”

“नस परत येतेय म्हणाल्या.”

बाबांनी तिथेच, दवाखान्याच्या बोळात, डोळे मिटून हात जोडले. लोक बघत होते. मी खोटं बोलले नव्हते. आयुष्यात मी फार कमी वेळा खोटं बोलले आहे. मी नेहमी अर्धं बोलले आहे.

श्रावणाच्या शेवटी उद्यापन. सकाळपासून घरात पुरणाचा आणि तुपाचा वास, कटाच्या आमटीला फोडणी, बँकेतले चार सहकारी बायकांसह, वरचे देवधर काका-काकू. मधल्या खोलीत माझा पलंग उभा करून जागा केली होती. बाबा रेशमी सोवळं नेसून बसले होते. तीन महिन्यांच्या उपासांनी ते अर्धे झाले होते, पण आवाज तसाच होता. आरती झाली. घंटा थांबली आणि त्या शांततेत बाबा सगळ्यांकडे वळून म्हणाले, “शुभीचा हात तुम्ही बघितला होता. धरून ठेवावा लागायचा. आता बघा. कुणी धरायला नको.”

त्यांनी तबक माझ्यापुढे आणलं. मी दोन्ही हात ज्योतीवर नेले. डावा पसरला, उजवा वाकलेला, पक्ष्याच्या पायासारखा. कुणीतरी “वा, देवाची कृपा” म्हणालं. बाबांना तो हात आणखी छान दिसायला हवा होता. त्यांनी तबक डाव्या हातात घेतलं आणि जुन्या सवयीनं उजव्या हाताची दोन बोटं माझ्या मनगटाखाली लावली, वर उचलायला. मनगट हललं नाही. त्यांनी जरा जोर केला. माझ्या तोंडून आवाज निघाला.

“शुभी,” ते हळू म्हणाले, “हे असं कडक का लागतंय गं?”

नंतर जे झालं त्याचा हिशेब मी अनेकदा केला आहे. दसरा आला आणि ती खुर्ची दुसऱ्या मुलीला मिळाली. पोरवाल भैयांनी शब्द पाळला होता, मी नाही. पुढच्या वर्षापर्यंत नस मनगटाला पोचली, तिच्याकडून होईल तेवढं तिनं केलं. आजही माझा नमस्कार पूर्ण होत नाही, तळवे खालून उघडे राहतात, आणि लग्नकार्यात नवे व्याही मला शिष्ट समजतात. मी कुणाला समजावत बसत नाही. पण त्या सकाळी बाबांची बोटं माझ्या मनगटाखाली होती, ज्योत जळत होती, काकू माझ्याकडे रोखून बघत होत्या, आणि मला दिसलं की बाबांना खरंच माहीत नाहीये. ज्या माणसानं माझ्यासाठी तीन महिने स्वतःला झिजवलं, त्याला मी एकदाही काही सांगितलेलं नव्हतं. मला त्यांची कीव आली नाही. राग आला, त्यांचा, आईचा आणि सगळ्यांत जास्त माझा. मग जो आवाज निघाला तो माझाच होता हे मला नंतर कळलं.

मी म्हणाले, “बाबा, जमेल तेवढा वेळ असं त्या बाई म्हणाल्याच नव्हत्या. ते मी म्हणाले. त्या म्हणाल्या होत्या की झोपतानाही काढायचा नाही. हातात जोर आलेला नाही, हात आखडलाय. माझा पट्टा बाहेर चपलांच्या वर खिळ्यावर आहे. तो घेऊन या. तुम्हीच आणा, आत्ता, सोवळ्यातच.”